सहावा गोल: आइस हॉकी प्लेऑफच्या टोटलवर पहिल्यांदा पैसे लावण्याआधी

एप्रिल अर्धा सरला की एनएचएल या आइस हॉकी लीगचे प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, सुरू होतात आणि टोरंटोच्या ऑफिसांतली सोमवार सकाळची बोलणी बदलतात. थंडी, घरांचे भाव, पीआरचे (कायम रहिवासाचे) कागद हे सगळं मागे पडतं आणि कपाटातल्या जर्सी बाहेर येतात. नव्याने आलेला मराठी माणूस यात जरा गोंधळतो. आपल्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद. इथे 'आइस' हा शब्द कुणी उच्चारतही नाही, कारण दुसरी हॉकी असते हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं. मग कधीतरी सहकारी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, 'आज ओव्हर की अंडर?' आपल्या डोक्यात पहिल्यांदा सहा चेंडूंची ओव्हरच येते.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. कोण जिंकणार यावर नाही, दोन्ही संघांचे मिळून गोल किती होणार (यालाच टोटल म्हणतात) यावर पैसे कसे लावतात, एवढ्यापुरता. क्रिकेटच्या सट्ट्यातलं 'सेशन' ज्यांनी ऐकलंय, म्हणजे पहिल्या सहा ओव्हरमध्ये रन किती, 'यस' की 'नो', त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये पाच-दहा रन इकडेतिकडे झाले तर चालतं, हॉकीत एका गोलावर सगळं ठरतं. आणि तो एक गोल बहुतेक वेळा सहावा असतो. का, ते पुढे येईल.

आधी: तुम्ही कुठे बसलाय?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण उत्तर 'पुण्यात' किंवा 'मडगावला' असेल तर इथेच थांबा. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. तरीही टेलिग्रामवर लिंक येतात, 'आयडी' (सट्ट्याची खाती) विकणारे भेटतात. त्यांच्याकडे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. खेळ बघा, पहाटे साडेचारला बघायची तयारी असेल तर (पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेचार), पण पैसे लावू नका.

कॅनडात एकेका सामन्यावर पैज लावणं २७ ऑगस्ट २०२१ पासून कायदेशीर झालं. त्याआधी दोन-तीन सामने एकत्र बांधूनच लावावे लागत. ऑन्टारिओत ४ एप्रिल २०२२ पासून खासगी कंपन्यांचा परवानाधारक बाजार सुरू आहे. वय किमान १९ हवं. अमेरिकेत १४ मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा विषय राज्यांच्या हाती गेला. एडिसनमध्ये राहत असाल तर न्यू जर्सीचे नियम लागू, आणि तिथे वय २१. ॲप तुमचं लोकेशन तपासतं. खातं ऑन्टारिओचं आणि तुम्ही सुट्टीवर दुसऱ्या प्रांतात, असं असेल तर पैज लागत नाही. अमेरिकेत जिंकलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, हे टॅक्स भरायच्या वेळी आठवण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

खातं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे डिपॉझिटची मर्यादा लावणं. आठवड्याला किती, महिन्याला किती. सेटिंग्जमध्ये ती सोय असते. पहिली पैज लावण्याआधी लावा, कारण हरलेल्या रात्री ती कुणी लावत नाही.

खेळ, टोटलला लागेल तेवढाच

बर्फावर प्रत्येकी पाच खेळाडू आणि एक गोलकीपर, ज्याला इथे सगळे 'गोली' म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. चेंडूऐवजी रबराची चकती, पक. कुणी नियम मोडला तर तो दोन मिनिटं बाहेर बसतो आणि समोरच्यांना पॉवर प्ले मिळतो, म्हणजे पाचाविरुद्ध चार. (हा शब्द आपण क्रिकेटमधून ओळखतो, पण इथे तो ठरलेल्या ओव्हरचा नसतो, शिक्षेतून येतो.) प्लेऑफमध्ये ३२ पैकी १६ संघ असतात, चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातपैकी चार जिंकणाऱ्याची.

नेहमीच्या सीझनमध्ये बरोबरी झाली की पाच मिनिटं तिघांविरुद्ध तिघे खेळतात आणि मग शूटआउट. प्लेऑफमध्ये हे काहीच नाही. पाचाविरुद्ध पाच, वीस मिनिटांचा पूर्ण पिरियड, आणि पहिला गोल पडेपर्यंत पुढे, पुढे, पुढे. १९३६ साली डेट्रॉइट आणि माँट्रिअल मरून्स यांचा सामना सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत चालला आणि १-० असा संपला. जवळजवळ तीन सामन्यांएवढा खेळ आणि टोटल एक! ११ ऑगस्ट २०२० ला टॅम्पा आणि कोलंबस पाच ओव्हरटाइम खेळले, कोलंबसचा गोली कोर्पिसालोने ८५ शॉट अडवले, स्कोअर ३-२. सामना लांबला म्हणजे गोल वाढले, असं नाही. ओव्हरटाइम कितीही लांबो, तो टोटलमध्ये फक्त एकच गोल घालतो.

खेळ कळायला मला सगळ्यात जास्त मदत पंजाबी समालोचनाची झाली. 'हॉकी नाइट' या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी प्रसारण इथे अनेक वर्षं चालू आहे. हिंदी येणाऱ्याला अर्धं तरी समजतं, आणि उत्साह पूर्ण समजतो.

लाइन म्हणजे काय

ॲपमध्ये सामन्यासमोर ५.५, ६ किंवा ६.५ असा आकडा दिसेल. हीच लाइन. ओव्हर ५.५ घेतलं तर सहा किंवा जास्त गोल हवेत, अंडर ५.५ घेतलं तर पाच किंवा कमी. अर्धा गोल कधी होत नाही, म्हणून त्या लाइनवर निकाल लागतोच. लाइन सरळ ६ असेल आणि बरोबर सहा गोल झाले, तर पैसे परत मिळतात; याला पुश म्हणतात.

आता कागद घ्या, कारण पुढचा भाग हा या लेखाचा गाभा आहे.

ओव्हरटाइमला गेलेला सामना कायम एका गोलाच्या फरकाने संपतो. म्हणजे त्याची टोटल नेहमी विषम: १, ३, ५, ७, ९. साठ मिनिटांनंतर २-२ असेल तर शेवट पाचावर होणार, ३-३ असेल तर सातावर. सहावर कधीच नाही. याचा अर्थ बरोबर सहा गोलांचा पूर्ण सामना फक्त तीन प्रकारे घडू शकतो: ४-२, ५-१, ६-०. ५.५ आणि ६.५ या दोन लाइनमधला सगळा फरक या तीन स्कोअरमध्ये आहे. बाकी कुठल्याही निकालाला दोन्ही लाइनचं उत्तर एकच येतं.

आणि ४-२ बहुतेक वेळा कसा होतो? ३-२ असताना हरणारा संघ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आपला गोली बाहेर काढतो आणि सहावा खेळाडू आत घालतो. जाळी रिकामी. पक हिसकावून समोरच्याने लांबून ढकलला तरी गोल. नव्या माणसाला हा वेडेपणा वाटतो, पण एका गोलाने हरणं आणि दोन गोलांनी हरणं यात संघाला काही फरक नसतो. तुम्हाला मात्र असतो.

म्हणून शेवटची तीन मिनिटं उरली असताना स्कोअर काय आहे यावरून टोटलचा धोका मोजायला शिका:

२-१ असेल तर अंडर ५.५ वाले निवांत. रिकाम्या जाळीत गोल झाला तर ३-१, बरोबरी झाली तर २-२ आणि ओव्हरटाइमनंतर पाच.

३-२ असेल तर त्यांच्या पोटात गोळा. नुसता एक गोल, कुणीही करो, आणि अंडर गेलं. ४-२ म्हणजे सहा, ३-३ म्हणजे पुढे सात. ६.५ वाल्यांचं तसं नाही: ४-२ झालं तर अंडर टिकतं, ३-३ झालं तर बुडतं.

३-१ हा फसवा स्कोअर. दोन गोलांची आघाडी म्हणून सामना संपल्यासारखा वाटतो, पण हल्ली प्रशिक्षक अशा वेळी गोली लवकर काढतात. ४-१ झालं तरी पाचच, पण ३-२ झालं की आपण मघाच्या परिस्थितीत येतो.

२०२५ च्या स्टॅन्ली कप फायनलचा, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या फेरीचा, सहावा सामना आठवा. फ्लोरिडा ३-०, शेवटचा पिरियड निम्म्याहून जास्त सरलेला. एडमंटनने बरीच मिनिटं शिल्लक असतानाच गोली काढला. फ्लोरिडाच्या राइनहार्टने रिकाम्या जाळीत दोन गोल मारले, मग एडमंटनने एक फेडला, ५-१. तीनावरून सहावर, तेही ट्रॉफीचा निकाल जवळपास लागल्यानंतर. कुणाकडे अंडर ५.५ असेल तर त्या माणसाची संध्याकाळ मी डोळ्यांपुढे आणू शकतो.

साठ मिनिटांचा सापळा

ॲपमध्ये एकाच सामन्याचे दोन टोटल असतात. एक पूर्ण सामन्याचा, ओव्हरटाइम धरून. दुसरा फक्त साठ मिनिटांचा. दुसऱ्याचा भाव कधीकधी जरा आकर्षक दिसतो आणि नाव बारीक अक्षरात असतं.

माझ्या पहिल्या वर्षी मी ओव्हर ६.५ घेतलं होतं. साठ मिनिटांनंतर ३-३. मी वरचं गणित नुकतंच शिकलो होतो, म्हणून बायकोला म्हटलं, आता कुणीही मारो, सात होणारच, पैसे आले. रात्री बाराच्या पुढे जागून ओव्हरटाइम पाहिला, गोल झाला, उडी मारली. सकाळी ॲप उघडलं तर पैज हरलेली. मी साठ मिनिटांचा टोटल घेतला होता, आणि त्याच्या हिशोबाने सामना सहावर संपला होता. कंपनीशी भांडण्यासारखं काही नव्हतं, स्लिपवर स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हापासून स्लिप मोठ्याने वाचतो. घरचे हसतात.

भाव वाचणं

अमेरिकन पद्धतीत भाव -११० असा दिसतो: १०० कमवायला ११० लावा. +१०५ म्हणजे १०० लावून १०५ कमवा. ऋण-धन डोक्यात बसत नसेल तर सेटिंग्जमध्ये दशांश पद्धत निवडा. -११० चं १.९१ होतं, म्हणजे एक डॉलर लावून मुद्दलासह १.९१ परत. मला हीच पद्धत सोपी वाटते.

आता एक उलटा हिशोब. १ भागिले १.९१ केलं की साधारण ५२.४ टक्के येतात. एवढ्या वेळा तुम्ही बरोबर ठरलात तर ना नफा ना तोटा. ओव्हर आणि अंडर दोन्ही -११० असतील तर बेरीज १०४.८ च्या आसपास येते. शंभराच्या वरचा भाग ही दुकानाची दलाली. आकड्यांत बघा: दरवेळी ११ डॉलर लावून १० कमवायचे, अशा १०० पैजा. ५० जिंकल्या तर ५० डॉलर तोटा. ५२ जिंकल्या तरी ८ डॉलर तोटा. ५३ जिंकल्या तेव्हा कुठे १३ डॉलर नफा. नाणं उडवणाऱ्यापेक्षा थोडं हुशार असून भागत नाही, म्हणून बहुतेक लोक वर्षाअखेरीस हरलेलेच असतात. मीही बहुतेक वर्षी. हे मनोरंजनाच्या खर्चात धरलेलं असेल तर ठीक, पगाराला पूरक म्हणून धरलं असेल तर हा लेख बंद करा.

भाव आणि लाइन एकत्र वाचायची असतात. एका ॲपवर ओव्हर ५.५ ला -१२५ आणि दुसऱ्यावर ओव्हर ६ ला +१०५, तर कुठलं घ्यायचं? पहिल्याला ५५.६ टक्के वेळा बरोबर ठरावं लागेल. दुसऱ्यात ती मर्यादा ४८.८ आहे, पण ४-२, ५-१, ६-० ला जिंकायच्या ऐवजी नुसते पैसे परत मिळतात. याला सरसकट उत्तर नाही. पण हा प्रश्न स्वतःला विचारणारा माणूस आणि 'आज मॅकडेव्हिड फॉर्मात आहे, ओव्हर!' म्हणणारा माणूस यांत वर्षाअखेरीस फरक पडतो. दोन-तीन परवानाधारक ॲपवर खाती ठेवून तोच टोटल कुठे स्वस्त आहे हे पाहणं, यापेक्षा खात्रीचा फायदा नव्या माणसाला दुसरा नाही.

सामन्याच्या दिवशी काय बघायचं

गोली. मग गोली. मग बाकीचं. संघ सकाळी सराव करतात, त्यानंतर दुपारपर्यंत कोण उभा राहणार हे कळतं. प्लेऑफमध्ये सहसा पहिल्या पसंतीचाच उतरतो, पण गृहीत धरू नका. त्याच २०२५ च्या फायनलमध्ये एडमंटनने चौथ्या सामन्यात ०-३ मागे पडल्यावर गोली स्किनरला बसवून दुसरा गोली पिकार्डला आणलं आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ जिंकले. पाचव्याला पिकार्ड, सहाव्याला पुन्हा स्किनर. गोलीचे गेल्या तीन सामन्यांचे आकडे बघून घाबरू नका, तीन सामने म्हणजे काहीच नव्हे. पूर्ण सीझन बघा. मनीपक आणि नॅचरल स्टॅट ट्रिक या साइटवर 'एक्स्पेक्टेड गोल' मिळतात: शॉट कुठून, कसा आला यावरून किती गोल व्हायला हवे होते याचा अंदाज. एखादा संघ अंदाजापेक्षा खूप जास्त गोल मारत आला असेल तर ते फार काळ चालत नाही.

पॉवर प्लेचं बघा, पण दोन्ही बाजूंनी: कोण चांगलं मारतं आणि समोरचा किती वेळा बाहेर बसतो. २०२२-२३ च्या सीझनमध्ये एडमंटनने ३२.४ टक्के पॉवर प्लेवर गोल मारले, तो लीगचा विक्रम आहे. अशा संघासमोर बेशिस्त बचाव आला की ओव्हरला कारण मिळतं.

प्रशिक्षक गोली किती लवकर काढतो हे फार कमी लोक बघतात, आणि वरचं सहाव्या गोलाचं गणित पटलं असेल तर हे बघायलाच हवं. पॅट्रिक रॉय कोलोरॅडोचा प्रशिक्षक असताना यासाठी प्रसिद्ध होता. २०१४ च्या प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात मिनेसोटाविरुद्ध त्याने गोली काढला, १३.४ सेकंद उरले असताना कोलोरॅडोच्या स्टॅस्नीने बरोबरी साधली, आणि ओव्हरटाइमलाही त्यानेच गोल मारून ५-४. स्वतः गोली असलेला माणूस गोली काढायला सगळ्यात उतावीळ, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

एक समजूत मात्र डोक्यातून काढा: 'प्लेऑफमध्ये गोल कमी होतात, डोळे मिटून अंडर.' बचाव घट्ट होतो हे खरं, पण लाइन लावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि त्याने आकडा त्याप्रमाणेच ठेवलेला असतो. २०२२ मध्ये कॅल्गरी-एडमंटनचा पहिला सामना ९-६ संपला, नंतर कोलोरॅडो-एडमंटनचा पहिला ८-६. २०२५ च्या फायनलचे सहा सामने: ७, ९, ७, ९, ७, ६. डोळे मिटलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. उलट चूकही तितकीच होते. पहिला सामना ८-६ झाला की दुसऱ्याला सगळे ओव्हरवर तुटून पडतात आणि तोपर्यंत लाइन अर्धा गोल वर सरकलेली असते, किंवा ओव्हरचा भाव महागलेला असतो.

एका पिरियडचा टोटल, एका संघाचा टोटल, सामना चालू असतानाची पैज, हे सगळं ॲपमध्ये असतं. पहिल्या महिन्यात हात लावू नका. चालू सामन्यात तर तुमच्या टीव्हीवरचं चित्र काही सेकंद जुनं असतं आणि भाव लावणाऱ्याचं नसतं.

किती, आणि मग काय

हरले तरी चालतील एवढे पैसे बाजूला काढा, समजा ५०० डॉलर, आणि एका पैजेला त्याचा एक ते दोन टक्के. म्हणजे पाच ते दहा डॉलर. हास्यास्पद वाटतं ना? दोन महिन्यांत जवळजवळ रोज सामना असतो, म्हणून हेच प्रमाण टिकतं. हरल्यावर दुप्पट लावून भरून काढायचं मनात आलं तर ती रात्र संपली असं समजा. आणि ते वारंवार मनात यायला लागलं, किंवा आकडा घरी सांगायचा टाळायला लागलात, तर ऑन्टारिओत कनेक्सऑन्टारिओची मदतवाहिनी आहे, चोवीस तास आणि फुकट. ॲपमधून स्वतःला बंद करून घ्यायचीही सोय असते.

पैज लावताना स्लिपवर चार गोष्टी: संघ बरोबर आहेत का, पूर्ण सामना की साठ मिनिटं, ओव्हर की अंडर, आणि लाइन व भाव तेच आहेत का जे तुम्ही पाहिले होते. बटण दाबायच्या क्षणी ६ चं ६.५ झालेलं असू शकतं.

मग एक वही. साधी, किराण्याच्या हिशोबाची असते तशी. तारीख, सामना, लाइन, भाव, रक्कम, निकाल. मी त्यात आणखी दोन रकाने ठेवतो. एक, सामना सुरू होताना लाइन कुठे होती. मी ओव्हर ५.५ घेतलं आणि शेवटी ती ६ झाली, तर हरलो तरी विचार बरोबर दिशेने होता. दुसरा, सत्तावन्नाव्या मिनिटाला स्कोअर काय होता. त्या रकान्यात ३-२ किती वेळा आलंय, ते मोजलं की पुढच्या सामन्याला ५.५ घ्यायचं की ६.५ हे ठरवताना हात जरा थांबतो.